कस्टमर केअरला नवीन लागलात? मग ‘होऊन जाईल’ म्हणणं आधी सोडा

नमस्कार कसा करायचा, होल्डवर कधी टाकायचं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतातच. मला बोलायचंय ते फक्त एका सापळ्याबद्दल. बँकेच्या प्रोसेसला, म्हणजे बँकेच्या ग्राहकांचे कॉल घ्यायला, लागल्यावर त्याने माझी झोप उडवली होती. मालाड असो की ऐरोली, कॉल सेंटरच्या फ्लोअरवर येणारं प्रत्येक नवीन पोरगं त्यात अडकताना दिसतं.

ग्राहक तापलेला, एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) वाढतोय, टीएल म्हणजे टीम लीडर मागे उभा. अशा वेळी ‘चोवीस तासांत होऊन जाईल’ म्हटलं की समोरचा शांत होतो आणि कॉल संपतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुप्पट संतापून फोन करतो आणि तो कॉल शेजारच्याला लागतो. शेजारच्याने काल ज्याला थाप मारली, तो तुमच्या वाट्याला येतो. दिवसभर सगळे एकमेकांची आश्वासनं निस्तरत बसतात. ग्राहक वाईट नसतात हो, त्यांना आपणच तसं करून ठेवतो.

म्हणून नियम तोंडपाठ हवेत. यूपीआयचंच बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेलं पेमेंट अडकलं, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई. एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या पैशांसाठी मुदत १ दिवसाची. हे माहीत असलं की असं बोलता येतं:

“काका, पैसे दुकानदाराला पोचलेले नाहीत, मला इथे दिसतंय. व्यवहार सोमवारचा आहे, म्हणजे शनिवारपर्यंत ते परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. तक्रार नंबर लिहून घेता?”

काका पेन शोधायला उठतात. आवाज खाली आलेला असतो. “शनिवार ना? बरं,” म्हणतात, आणि मग तुम्ही कुठले, घरी कोण कोण, अशी चौकशी सुरू होते. या नोकरीतली खरी मजा मला इथे सापडली. आणखी एक, हिंदीत बोलणाऱ्याच्या तोंडून ‘अहो’ निसटलं की लगेच विचारा, “मराठीत बोलू का?” अर्धा राग तिथेच जातो.

‘आवाज येत नाहीये’ म्हणून कॉल कापायला शिकवणारे सीनियर भेटतील. त्यांच्याजवळ बसूसुद्धा नका. बसायचंच तर एस्कलेशन डेस्कवरच्या ताईदादांजवळ बसा. बिघडलेले कॉल सगळे त्यांच्याकडे जातात, त्यामुळे कुठे काय चुकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पहिले काही आठवडे जड जातील, रडूही येईल. ते प्रत्येकाचं होतं, त्यावरून ‘मला जमणार नाही’ असं ठरवू नका. मात्र आईबहिणीवरून शिव्या सुरू झाल्या तर ऐकून घेणं हे तुमचं काम नाही. प्रोसेसमध्ये असेल तशी ताकीद द्या, कॉल बंद करा, टीएलला तिथल्या तिथे सांगा आणि पाणी पिऊन आल्याशिवाय पुढचा कॉल घेऊ नका.