बर्फावरची पहिली पावलं: हेल्मेट आणि स्केट्सच्या या चुका टाळा

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या बर्फाच्या रिंकवर दर शनिवारी सकाळी मी लहान मुलांच्या स्केटिंगच्या वर्गात मदतनीस म्हणून उभी असते. सात हिवाळे झाले. वर्गात आपली मराठी मुलं दरवर्षी वाढताहेत, याचा फार आनंद वाटतो. पण पालकांच्या त्याच त्या चुका बघून आता राहवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सायकलचं हेल्मेट. "घरात आहे की एक, परत कशाला?" स्केट कॅनडा या इथल्या राष्ट्रीय स्केटिंग संस्थेच्या कॅनस्केट या नवशिक्यांच्या वर्गात पाचवा टप्पा पार होईपर्यंत सीएसए (कॅनडाची मानक संस्था) मान्यतेचं आइस हॉकीचंच हेल्मेट सक्तीचं आहे, ते उगाच नाही. सायकलच्या हेल्मेटचा फोम एकाच जोरदार आपटीसाठी केलेला असतो, एकदा चेपला की कामातून गेला. बर्फावर नवशिकं मूल तासाभरात पंधरा-वीस वेळा पडतं. त्यातून पाय पुढे सटकले की ते पाठीवर पडतं आणि डोक्याची मागची बाजू आपटते. हॉकीचं हेल्मेट तिथे खालपर्यंत येतं आणि वारंवार बसणारे मार सोसायलाच बनवलेलं असतं.

हेल्मेट योग्य आणलं म्हणून काम संपत नाही. लेक पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आई सांगलीहून आली होती, नातीसाठी लोकरीची जाड कानटोपी विणून. "कानाला वारं लागेल गं." मला तिचं मन मोडवेना. टोपीवर हेल्मेट चढवलं तर हनुवटीचा पट्टा लागेना, म्हणून मी तो सैल केला. वर्ग सुरू होऊन पाचच मिनिटं झाली असतील. आजीला हात दाखवायला पोर वळली आणि पाय निसटले. लोकर केसांवरून घसरली, हेल्मेट पुढे डोळ्यांवर आलं आणि मागचं उघडं डोकं बर्फावर आदळलं. तो आवाज अजून कानात आहे. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, रात्र इमर्जन्सीत काढली. मेंदूला धक्का बसला होता. पुढचे काही आठवडे खेळ बंद, टीव्ही बंद. पोर पूर्ण बरी झाली, पण पट्टा मी माझ्या हाताने सैल केला होता, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. हेल्मेट घरीच, आरशासमोर बसवायचं. भुवईच्या वर एक बोट जागा, त्याहून जास्त नाही. पट्ट्याखाली एक बोट. मग मुलाला मान जोरात "नाही नाही" हलवायला सांगायची. कातडीबरोबर हेल्मेट हललं तर ठीक, डोक्यावर फिरलं तर हेल्मेटचे स्क्रू सैल करून माप कमी करायचं. केसांची वेणी मानेपाशी, अंबाडा नको, चाप नको. थंडी वाजत असेल तर हेल्मेटखाली घालायची पातळ, एकेरी टोपी घ्या आणि माप ती घालूनच जुळवा.

दुसरी चूक मापाची. "वाढतं पाऊल आहे, पुढच्या वर्षीही येतील." गणवेशाला हा हिशेब चालतो, स्केट्सना नाही. टाच आत उचलली जाते, घोटे आतल्या बाजूला कलंडतात आणि बिचारं मूल ब्लेडवर उभं राहण्याऐवजी बुटाच्या कडेवर रडत चालतं. मग पालक मला सांगतात, "तिच्या पायांत जोर नाही हो." जोर असतो, बूट मोठा असतो. फिगर स्केट्सचा (ब्लेडच्या टोकाला दात असलेल्या) नंबर रोजच्या बुटाहून बहुधा एक-दीड कमीच लागतो. पायात मोजा एकच, पातळ. दोन जाड मोज्यांनी ऊब येत नाही, पाय मात्र आवळला जातो. लेस बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. बोटांपाशी लेस जरा सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट, वरच्या हुकांना पुन्हा किंचित सैल, म्हणजे गुडघा वाकतो. मी पाच मिनिटांनी परत एकदा बांधते, कारण बूट ऊब धरला की लेस ढिली पडते.

पैशाचा प्रश्न मला कळतो. वापरलेल्या स्केट्स खुशाल घ्या, मापाच्या असल्या की झालं. वापरलेलं हेल्मेट मात्र घेऊ नका, त्याने काय काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. नव्या स्केट्स बऱ्याचदा धार न लावताच येतात, विचारून घ्या. ब्लेडवरचे प्लास्टिकचे गार्ड काढल्याशिवाय बर्फावर पाय ठेवू नये. हातमोजे हवेतच. पडल्यावर बोटं पसरून ठेवू नयेत, मागून दुसऱ्याचं ब्लेड येत असतं. ब्लेडच्या टोकाचे दात ढकलायला नसतात, ढकलायचं ते आतल्या कडेने.

आणि घाई. तिसऱ्या आठवड्यात "गिरकी कधी शिकवणार?" असं विचारणाऱ्या आईबाबांना मी आधी पडायला शिकवा म्हणते, तेही घरी सतरंजीवर. गुडघे वाकवायचे, एका बाजूला कुल्ल्यावर बसायचं, हनुवटी छातीशी, हात पोटाशी. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं, मग एक पाऊल पुढे रोवायचं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबायचे आणि उभं राहायचं. रोज दहा वेळा, हेल्मेट घालून.