नवी आवृत्ती मागण्याआधी

एखाद्या सॉफ्टवेअरच्या मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढून दोन आठवडे झाले आणि आपल्या डिस्ट्रोमध्ये (डेबियन, आर्च अशा लिनक्सच्या वितरणात) अजून जुनीच दिसतेय, की हात शिवशिवायला लागतात. मागणी करायला काहीच हरकत नाही. पण पॅकेज, म्हणजे डिस्ट्रोसाठी बांधलेलं ते सॉफ्टवेअर, सांभाळणारा मेंटेनर बरेचदा हे काम फावल्या वेळात करतो. आपण टाळलेला अर्ध्या तासाचा अभ्यास शेवटी त्याच्याच गळ्यात पडतो.

सगळ्यात आधी आपण कुठल्या शाखेवर आहोत ते बघून घ्या. डेबियनची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. तिच्यातली बहुतेक पॅकेजं तेव्हाच्याच आवृत्तीवर थांबलेली असतात आणि ते ठरवून केलेलं असतं. स्टेबल या स्थिर शाखेत सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतात, नवी फीचर्स येत नाहीत. फायरफॉक्ससारखे अपवाद मोजकेच. त्यामुळे 'स्टेबलमध्ये नवी आवृत्ती टाका' हे मागणंच चुकीचं. ती आधी अनस्टेबल या घडत्या शाखेत जाते, तिथून टेस्टिंगमध्ये, आणि स्टेबलवाल्यांना हवीच असेल तर बॅकपोर्ट्सचा, म्हणजे स्टेबलसाठी वेगळ्या बांधलेल्या नव्या आवृत्त्यांचा, रस्ता असतो. 'ॲप्ट पॉलिसी' या कमांडपुढे पॅकेजचं नाव दिलं की आपल्याकडे काय आहे आणि काय मिळू शकतं ते कळतं. 'आरमॅडिसन' ही कमांड सगळ्या शाखांमधले आवृत्तीचे आकडे एकदम दाखवते, आणि इतर डिस्ट्रो कुठे पोचल्यात ते रेपॉलॉजी या संकेतस्थळावर दिसतं. निम्म्या वेळा आपल्याला हवं ते अनस्टेबलमध्ये आधीच येऊन पडलेलं असतं. मग विषय तिथेच संपला.

आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. एका लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडल्याचं वाचलं, माझ्याकडचा आकडा 'सुरक्षित' आकड्यापेक्षा लहान दिसला आणि मी तावातावाने मागणी ठोकून दिली. उत्तर एका ओळीचं: चेंजलॉग (पॅकेजमधल्या बदलांची यादी) वाचा. दुरुस्ती आठवडाभर आधीच माझ्या मशीनवर आलेली होती. मेंटेनरने मूळ प्रकल्पातला तेवढाच पॅच (कोडमधला दुरुस्तीचा तुकडा) उचलून जुन्या आवृत्तीवर बसवला होता. आवृत्तीचा मुख्य आकडा तोच राहिला, फक्त शेपटीला 'डेब१२यू१' लागलं. तेव्हापासून मी 'ॲप्ट चेंजलॉग' उघडून आधी त्यात सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या भोकाला मिळणारा ओळख-क्रमांक) शोधतो. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकरही हेच शाखेगणिक सांगतो.

मग हीच मागणी आधी कुणी केली आहे का ते डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर (दोष आणि मागण्यांच्या नोंदवहीत) शोधा. बंद झालेल्या नोंदीही चाळा, कारण नकार आणि त्यामागचं कारण बहुधा तिथेच असतं. असेल तर नवीन नोंद नको. आर्चवर पॅकेज 'आउट ऑफ डेट' म्हणून फ्लॅग करता येतं, पण ते फक्त नव्या आवृत्तीसाठी. पॅकेज चालत नसेल तर तो बग आहे, त्याची जागा वेगळी.

आता मूळ प्रकल्पाच्या रिलीज नोट्स. आपण मागतोय ते खरं रिलीज आहे की बीटा? परवाना बदललाय का? रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा मुक्त परवाना सोडला तेव्हा पुढची आवृत्ती घेणं ही नुसती आकडा वाढवण्याची गोष्ट राहिली नाही, आणि त्यातूनच व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प फाटा म्हणून निघाला. लायब्ररी असेल तर सोनेम (जुन्या प्रोग्रामांशी ती जुळते का हे सांगणारं तिचं नाव) बदललंय का ते पाहा. बदललं असेल तर तिच्यावर उभं असलेलं प्रत्येक पॅकेज सोर्स कोडपासून पुन्हा बिल्ड करावं लागतं. 'ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स' चालवून अशा पॅकेजांची यादी किती लांब येते ते बघा, म्हणजे मेंटेनर का थांबलाय ते आपोआप उमजेल. नव्या डिपेंडन्सीचंही (चालायला लागणाऱ्या इतर सॉफ्टवेअरचंही) तसंच. डेबियनमध्ये बिल्ड होताना नेटवरून काही ओढता येत नाही, त्यामुळे लागणारी प्रत्येक गोष्ट आधी पॅकेज झालेली असावी लागते.

नवं म्हणजे चांगलंच, हेही डोक्यातून काढा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये पेरलेलं मागचं दार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना डेबियन अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यांनी ते खणून काढलं. त्याच्या काही दिवस आधीच डेबियनच्या ट्रॅकरवर एका टोपणनावाने ५.६.१ घ्या म्हणून मागणी आली होती. आपल्या मागणीसारखीच, सभ्य भाषेत. म्हणून 'लवकर करा' असला धोशा लावणाऱ्याकडे मेंटेनर आता संशयाने बघतो, आणि बघावंच.

शक्य असेल तर स्वतः बिल्ड करून बघा, व्हर्च्युअल मशीनमध्ये. 'ॲप्ट सोर्स'ने पॅकेज उतरवा, 'यूस्कॅन'ने नवा टारबॉल (सोर्स कोडचा गठ्ठा) आणा, 'यूअपडेट' चालवून डेबियनचे बदल त्यावर चढवा. बहुतेकदा गाडी अडते ती डेबियनच्या जुन्या पॅचवर: 'हंक फेल्ड', म्हणजे तो नव्या कोडवर बसत नाही. तो पॅच मूळ प्रकल्पाने आता स्वतःच घेतलाय की नव्याने बसवावा लागेल, एवढं शोधून दिलंत तरी मेंटेनरची एक संध्याकाळ वाचते.

सुधारणा सुचवायची असेल, म्हणजे एखादा बिल्डचा पर्याय चालू करा किंवा मॅन पेज (कमांडचं माहितीपान) जोडा, तर एका नोंदीत एकच गोष्ट लिहा आणि जमलं तर पॅच जोडा.

नोंद डेबियनच्या 'रिपोर्टबग' या साधनातून करा, तीव्रता 'विशलिस्ट' (दोष नव्हे, इच्छा). शीर्षकात पॅकेजचं नाव आणि हवी असलेली आवृत्ती. मजकुरात ती का हवी ते दोन वाक्यांत: कुठला बग सुटतो, तो आपल्याला कसा नडतो. 'खूप जुनी झालीय' हे कारण होत नाही. आणि तारीख बघा. पुढच्या रिलीजसाठी फ्रीझ (नवे बदल थांबवण्याचा काळ) लागला असेल तर मोठे बदल कुणी घेणार नाही. महिनाभर उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. पॅकेज अनाथ म्हणून जाहीर झालेलं असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही, तिथे आवृत्तीआधी मेंटेनर शोधायला हवा.