पहिल्यांदाच परदेशी टेक फेस्टिव्हलमध्ये सत्र घेताय? आधी गावात घेऊन बघा

मोझिला फेस्टिव्हल म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचा इंटरनेटविषयीचा मेळावा. अशा ठिकाणी भाषण नको असतं. लोक गोलात बसून हातांनी काहीतरी करायला येतात. म्हणून रत्नागिरी-मालवणकडच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं: स्लाइड कमी करा, कृती वाढवा.

समजा, विषय ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणीही भर घालू शकेल असा इंटरनेटवरचा मोफत नकाशा) बंदराचा नकाशा भरण्याचा आहे. मिरकरवाड्याचा किंवा हर्णैचा नकाशा मोठ्या कागदावर छापून न्या. लिलावाची जागा, बर्फाचा कारखाना, होड्या ओढायची वाट पेनाने दाखवायला सांगा. मग प्रत्येकाला आपल्या गावाचा तसाच कागद भरू दे. वायफाय पडलं तरी सत्र चालतं, आणि इंग्रजी अडखळलं तरी कोणाचं अडत नाही. माणसं पाच येतील किंवा तीस, दोन्ही धरून आखा. तीस आली तर चार-पाच जणांचे गट करा. शेवटची दहा मिनिटं त्यांच्या बोलण्यासाठी राखा, खरा ऐवज तिथेच मिळतो.

निघण्यापूर्वी हेच सत्र गावच्या वाचनालयात घ्या, घड्याळ लावून. कुठे रेंगाळतं ते तिथेच कळेल.

फेस्टिव्हल युरोपात असेल तर शेंगेन व्हिसा (तिथल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई गाठायची असेल तर गणपतीचे दिवस टाळा, कोकण रेल्वेचं तिकीट तेव्हा मिळणं कठीण.