फ्रोझन कोळंबी आणि तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) बर्फ घरी कसा सोडवायचा

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत डीप फ्रीझरमधल्या पाकिटांवरच घर चालतं, आणि समुद्रापासून लांब असलेल्या गावांत तर वर्षभर. पाकिटातला माल चांगला असूनही कालवण फसतं, कोळंबी भुसभुशीत होते किंवा रात्री कोणाचं तरी पोट बिघडतं. बर्‍याच वेळा त्याचं मूळ ओट्यावर असतं: सकाळी पाकीट काढून ठेवलं आणि दुपारी फोडणी घातली.

अर्ध्या किलोची लादी ओट्यावर ठेवली की बाहेरचा थर लवकर सुटतो आणि हळूहळू स्वयंपाकघराइतका गरम होतो. आतला गाभा अजून दगड असतो. तो सुटेपर्यंत बाहेरची कोळंबी दोन-तीन तास ३० अंशांत पडून राहते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस हा जंतू तर मनाजोगी ऊब मिळाली की दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून ५ ते ६० अंशांच्या मधल्या टप्प्यात कवचातली मासळी एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर गेलं असेल तर एकच तास धरा. साफ करायला बसलात तो वेळही यातच येतो.

फ्रिजमध्ये, रात्रभर

हातात वेळ असेल तर हाच रस्ता सगळ्यात चांगला. एका खोल डब्यावर चाळण ठेवा, चाळणीत कोळंबी पसरा आणि वरून सैल झाकण ठेवा. चाळण हवीच, कारण सुटलेल्या पाण्यात कोळंबी बुडून राहिली की ती फिकी आणि मऊ पडते. डबा खालच्या कप्प्यात ठेवा. त्याच्याखाली भाजीचा ड्रॉवर असतो आणि कोळंबीचं पाणी कोथिंबिरीवर गळलं तर ती कोथिंबीर कच्चीच कोशिंबिरीत जाते, म्हणून उंच काठाचाच डबा घ्या. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरखालचा चिलर ट्रे यासाठी वापरू नका. तिथे शून्याच्या आसपास तापमान असतं, सकाळीही लादी तशीच मिळते.

सुट्टी, म्हणजे एकेक वेगळी गोठवलेली अर्धा किलो कोळंबी ८ ते १० तासांत सुटते. एक किलोच्या लादीला पूर्ण दिवस, म्हणजे २४ तास धरा. फ्रिजचं तापमान ४ अंश किंवा त्याखाली असायला हवं. दार सारखं उघडलं जातं अशा घरांत ते सहज ७-८ वर जातं, त्यामुळे स्वस्तातला फ्रिज-थर्मामीटर एकदा आत ठेवून बघा.

व्हॅक्यूम पाकिटाचं मात्र वेगळं आहे. हवा काढून सीलबंद केलेलं पाकीट तसंच फ्रिजमध्ये ठेवू नका, आधी कापून उघडा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचा एक प्रकार हवा नसेल तर ३-४ अंशांच्या थंडीतही वाढतो आणि विष तयार करतो. त्याला वास येईलच असं नाही. कात्रीचं एक काम आहे, ते विसरू नये.

पाण्यात, घाईच्या वेळी

परदेशी सूचनांमध्ये ‘थंड नळाखाली धरा’ असं लिहिलेलं असतं. तिथला नळ खरोखर थंड असतो. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात कोमट येतं, कधी हाताला चटका बसेल इतकं गरम. तेव्हा मोठ्या पातेल्यात पाणी आणि बर्फाचे एक-दोन ट्रे घाला. हात बुडवल्यावर गारठा झोंबला पाहिजे.

कोळंबी झिपच्या जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी पक्की बंद करा आणि वर ताटली ठेवून पूर्ण बुडवा. पिशवीशिवाय थेट पाण्यात टाकलेली सोललेली कोळंबी पाणी पिते, चव पाण्यात सोडते आणि तव्यावर तळण्याऐवजी शिजत बसते. दर ३० मिनिटांनी पाणी बदला. सुट्टी अर्धा किलो कोळंबी २० ते ३० मिनिटांत मोकळी होते. एक किलोच्या लादीला दोन तासही लागू शकतात, पण सगळी एकदम सुटायची वाट बघू नका. पाणी बदलताना कडेच्या मोकळ्या झालेल्या कोळंब्या हळूच काढून फ्रिजमधल्या डब्यात टाका आणि उरलेला गोळा परत बुडवा. लादी चाकूने फोडू नका, कोळंब्या तुटतात आणि चाकू घसरतो. पाण्यात सुटलेला माल त्याच वेळी शिजवायचा.

गरम पाणी कधीही नको. बाहेरून कोळंबी गुलाबी होऊन आखडते, आत बर्फच राहतो. मायक्रोवेव्हमध्येही कडा आधी शिजतात, म्हणून तो शेवटचा पर्याय. लागलाच तर डीफ्रॉस्टवर एकेक मिनिट लावून मध्ये हलवा, थोडा बर्फ शिल्लक असतानाच काढा आणि लगेच चुलीवर चढवा.

अर्धवट सुटलेली कोळंबी साफ करायला सगळ्यात सोपी असते. अंगठा दाबला तर वरचं मांस दबतं पण मध्ये कडक लागतं, अशा वेळी पाठीवर बारीक चीर देऊन टूथपिकने काळा धागा उचला. तो थिजलेला असल्याने अखंड निघतो. पूर्ण मऊ झाल्यावर तोच धागा तुटतो आणि काळं पाठीवर पसरतं. मीठ-हळद नंतर लावा, कोळंबी कापडावर टिपून झाल्यावर. बर्फ असताना मीठ चोळलं की पाणी सुटत राहतं. आणि मीठ, लिंबू, कोकमाचं आगळ लावून ठेवल्याने जंतू मरतात हा समज धोक्याचा आहे. मसाला लावलेला डबाही फ्रिजमध्येच राहायला हवा.

तिसऱ्या, खेकडे, शेवंड (लॉबस्टर)

ताज्या तिसऱ्या जिवंत आहेत का ते शिंपली मिटते का यावरून कळतं. गोठवलेल्यांना ही परीक्षा लागू नाही, त्या मेलेल्याच असतात, आणि उकडून गोठवलेल्या असतील तर उघड्याच असणार. इथे वास आणि फुटलेलं कवच बघा, फुटक्या शिंपल्या टाका. कच्च्या गोठवलेल्या शिंपल्या न सोडवता थेट उकळत्या पाण्यात टाकाव्यात. ज्या उकळूनही मिटलेल्या राहतील त्या खाऊ नयेत. घरी उकडून आपल्याच पाण्यात गोठवलेल्या तिसऱ्या फ्रिजमध्ये सोडवा. ते पांढुरकं पाणी फेकू नका, पातळ फडक्याने गाळून रेती काढा आणि कालवणात घालून खळखळून उकळा. एकशिपीची, म्हणजे एका शिंपलीसकट केलेल्या तिसऱ्यांच्या कालवणाची, सगळी चव त्यातच असते. कच्च्या कोळंबीखाली साठलेलं पाणी मात्र सिंकमध्ये जाऊ द्या.

साफ करून तुकडे केलेले खेकडे रात्रभर फ्रिजमध्ये पुरतात. सुटल्यावर त्यांना वाट बघायला लावू नका, खेकड्याचं मांस फार लवकर भुगा होतं. शेवंडीची शेपटी २४ तास ठेवा, आत बर्फ असताना भाजायला घेतली तर मध्यभाग शिजेपर्यंत बाहेरचं मांस चिवट होतं.

रस्सा करायचा असेल तर सुट्टी सोललेली कोळंबी न सोडवताही उकळत्या रश्श्यात टाकता येते. दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि रस्सा थोडा पातळ होतो, तो आधीच दाट ठेवा. रवा लावून तळायच्या कोळंबीला हे चालत नाही. ओल्या कोळंबीवर रवा बसत नाही आणि तेल उडून हात भाजतात.

सुटल्यावर नाकाजवळ घ्या. समुद्राचा, खारा वास ठीक. अमोनियासारखा झणझणीत वास आला किंवा बोटांना बुळबुळीत तार लागली तर धुऊन वाचवण्याचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. टरफलावर काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते कोळंबीतल्याच एन्झाइमचं काम आहे. मांसावरचे पांढरे कोरडे डाग फ्रीझरच्या हवेने पडतात. अशी कोळंबी धोक्याची नसते, फक्त सुकी लागते, ती रश्श्यात घाला. शिजवताना आतून पारदर्शकपणा जाऊन मोत्यासारखा पांढरा रंग यायला हवा, थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश.

फ्रिजमध्ये सुटलेली कच्ची कोळंबी एक-दोन दिवसांत संपवा. बेत बदलला तर ती परत गोठवता येते, पण दुसऱ्यांदा आणखी पाणी सुटून मऊ पडते. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सुटलेली शिजवल्याशिवाय परत फ्रीझरमध्ये जाऊ नये. विकत घेतानाच पाकीट हलवून बघा: सुट्टी असायला हवी ती कोळंबी एकाच गोळ्यात थिजलेली असेल आणि तळाशी बर्फ साचला असेल, तर ते पाकीट वाटेत कुठेतरी एकदा वितळलेलं आहे.

घरी गोठवताना डोकी आधीच काढा, डोक्यातला पाचक रस मांस मऊ करतो. अर्ध्या किलोची पिशवी हाताने दाबून दोन सेंटीमीटर जाडीची सपाट करा आणि ताटावर आडवी गोठवा. गोळा करून ठेवलेल्या पिशवीपेक्षा ती कितीतरी लवकर सुटते. पिशवीवर तारीख आणि ‘सोललेली’ की ‘टरफलासकट’ ते मार्करने लिहा, गोठवण्याआधी, कारण दवावर शाई धरत नाही.