घरमालक न विचारता घरात येतात? मग हे करा

मागच्या वर्षी ऑफिसमधून घरी आले तर बाल्कनीतलं स्टूल पॅसेजमध्ये माळ्याखाली उभं आणि ओट्यावर माझा चहाचा कप विसळून उपडा ठेवलेला. मी कप उपडा कधीच ठेवत नाही. आधी छातीत धस्स झालं, मग वाटलं चोर काय चहा पिऊन कप विसळून जाणारे का. वॉचमनला विचारलं तर म्हणे काकू येऊन गेल्या की दुपारी. काकू म्हणजे घरमालकीण. फोन केला तर एकदम गोड आवाजात, "अगं माळ्यावरचा आमचा हंडा न्यायचा होता, तुला कशाला उगाच त्रास द्यायचा म्हटलं." आणि खरं सांगते, आपलं काही चुकलंय असं त्यांना वाटतच नव्हतं, स्वतःच्या घरात जायला परवानगी कसली!

तर घर त्यांचंच आहे, पण तुम्ही राहताय तोवर मनात आलं की लॅच उघडून आत यायचं हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये कलम 28 आहे, एका वाक्याचंच आहे पण पाठ करून ठेवा: मालकाला घर बघायला यायचा हक्क आहे, पण योग्य वेळी आणि आधी कळवून. आणि हे फक्त जुन्या पागडीवाल्या भाडेकरूंसाठी नाही, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे बहुतेकदा 11 महिन्यांच्या करारावर, राहणाऱ्यांनाही लागू आहे. किती तास आधी कळवायचं ते मात्र त्यात लिहिलेलं नाही. नेटवर सगळीकडे जो 24 तासांचा नियम फिरतो तो केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला, आणि तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. म्हणून भांडताना तो तोंडावर फेकू नका, समोरचा वकील गाठून आला तर पंचाईत. त्यापेक्षा अ‍ॅग्रीमेंट करतानाच एजंटला सांगून 24 तास आधी मेसेज करून आणि माझ्या उपस्थितीतच यायचं, अशी ओळ टाकून घ्या. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच करा, आपल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, आणि त्याने केलं नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर तुमचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं.

आणि माळा! माळ्यावर किंवा एका कुलूपबंद खोलीत मालकांचं सामान असेल तर घर घ्यायच्या आधीच विचार करा, कारण येण्याचं निमित्त तिथेच पडलेलं असतं. मी आता स्पष्ट सांगते, सामान हलवा नाहीतर कधी येणार ते लिहून द्या.

आता येऊन गेलेच असतील तर पहिल्या दिवशी पोलीस-बिलीस नको. पण फोनवर बोलून सोडूनही देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप करा. मी हा केला होता: "काकू नमस्कार, आज दुपारी मी नसताना तुम्ही घरी येऊन गेलात. यापुढे यायचं असेल तर आदल्या दिवशी मेसेज करा, मी घरी असेन अशी वेळ ठरवू. मी नसताना कृपया कोणी आत येऊ नये." बास. टोमणे नाहीत, कायद्याची कलमं नाहीत. त्यांनी नुसतं "ठीक आहे" पाठवलं तरी येऊन गेल्याचं लेखी आलं ना तुमच्याकडे. त्याच दिवशी गेटवरच्या रजिस्टरचा फोटो काढा, सोसायटीत कॅमेरा असेल तर सेक्रेटरींना लगेच सांगा, फुटेज फार दिवस राहत नाही.

दुसरं म्हणजे कुलूप. लॅच बदलायचं तर अ‍ॅग्रीमेंट वाचा, बऱ्याच ठिकाणी फिटिंगला हात लावायचा नाही असं असतं. सोपा उपाय म्हणजे सेफ्टी डोअरच्या कडीला बाहेरून स्वतःचं कुलूप. ठोकाठोक नाही, जाताना काढून घेता येतं. मी तेच केलं आणि काकूंना कळवलंही. आठवडाभर फुगल्या होत्या, मग एका शुक्रवारी मेसेज आला, "उद्या 5 ला येऊ का, परात राहिलीये."

पण सगळ्या काकू नसतात. सांगूनही पुन्हा पुन्हा येणं, रात्री दार उघडणं, घरात घुसून धमक्या देणं, हे वेगळं प्रकरण आहे. त्याच वेळी 112 लावा. भारतीय न्याय संहितेत कलम 329 गृह-अतिक्रमणाचं आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यात नुसतं आत येणं पुरत नाही, गुन्हा करायचा, धमकावायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा हेतू दिसावा लागतो, म्हणून तर येऊ नका म्हणून सांगितल्याचा तो मेसेज महत्त्वाचा. चौकीत बहुतेक "हे सिव्हिल मॅटर आहे मॅडम" असं ऐकायला मिळेल. वाद घालत बसू नका, लेखी अर्ज द्या, तारखा टाका, दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्या. तरी हलले नाहीत तर तोच अर्ज वरिष्ठांना, पुढे मॅजिस्ट्रेटकडे, पण तिथे वकील लागेलच. बाथरूम-बेडरूममध्ये कॅमेरा सापडला तर त्याला हात न लावता फोटो काढून थेट पोलिसांकडे, बायकांच्या बाबतीत त्याला कलम 77 आहे आणि ते बरंच कडक आहे.

मालकाने कुलूपच बदललं, सामान बाहेर टाकलं, तर मुदत संपली होती हे कारण चालत नाही, काढायचं तर कायद्याने काढा असं सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. मात्र याच्या भरवशावर संपलेल्या अ‍ॅग्रीमेंटवर राहू नका. मुदतीनंतर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते, आणि 11 महिने कधी संपतात ते कळतही नाही. आत्ताच फोनमध्ये रिमाइंडर लावा, महिनाभर आधीचा.