नेमप्लेटवरचा 'केए' आधी समजून घ्या: सातपूर-अंबडला नवीन लागणाऱ्यांसाठी

डिप्लोमा नाहीतर आयटीआय झालंय आणि सातपूर, अंबड किंवा सिन्नरकडे माळेगावला स्विचगिअरच्या (वीज जोडणारी-तोडणारी पॅनेल बनवायच्या) लाईनमध्ये शिरायचंय, अशांसाठी लिहितोय. ब्रेकर, आयसोलेटर, स्टार-डेल्टा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. नाशिकला या लाईनमध्ये काम आहे. एबीबी, सीजी सारख्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या मागे पत्रा, बसबार, वायरिंग करून देणारे छोटे व्हेंडर आहेत, त्यामुळे कुठे ना कुठे लागाल. पण सुरुवातीचे महिने शब्दांनी डोकं बधिर होतं, माझं झालेलं मला अजून आठवतं, रात्री झोपताना पण सीटी-पीटी (करंट आणि व्होल्टेज मोजायला लागणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) डोळ्यासमोर यायचे.

व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर), एसीबी (एअर सर्किट ब्रेकर), आरएमयू (रिंग मेन युनिट), यांचे फुल फॉर्म पाठ करायला वेळ लागत नाही. गोची नेमप्लेटवर आहे. ११ केव्हीच्या पॅनेलवर लिहिलेलं असतं: १२ केव्ही, ६३० ॲम्पिअर, २५ केए (किलोॲम्पिअर, म्हणजे हजार ॲम्पिअर) ३ सेकंद, २८/७५ केव्ही. ११ च्या सिस्टीमला १२ का, तर तिथे सिस्टीमचं जास्तीत जास्त व्होल्टेज लिहितात, तसंच २२ ला २४ आणि ३३ ला ३६. २८ म्हणजे एक मिनिटाची हाय व्होल्टेज टेस्ट आणि ७५ म्हणजे विजेच्या लाटेची, इम्पल्सची. हे एकदा ऐकलं की बसतं.

मला ज्याने रडवलं तो २५ केए. कॉलेजात कुणी नीट सांगितलं नाही आणि कंपनीत सगळे असं बोलतात की जणू हे जन्मतःच माहीत असतं. म्हणून सावकाश सांगतो. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या, ११ केव्ही बाजूला फुल लोडला फक्त साडेबावन्न ॲम्पिअर. मग ५२ साठी ६३० चा ब्रेकर कशाला? कारण व्हीसीबी सहसा त्याच्या खाली बनतच नाही, आणि तिथे ब्रेकर निवडताना लोडपेक्षा फॉल्टचं भय जास्त असतं. ६३० म्हणजे रोज, चोवीस तास, मर्यादेपेक्षा जास्त न तापता वाहू शकेल तो करंट. २५ केए म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर तो ब्रेकर सुखरूप तोडू शकेल तो करंट, आणि पुढचे ३ सेकंद म्हणजे क्लोज (म्हणजे जोडलेल्या, चालू) स्थितीत तो तेवढा करंट किती वेळ सोसेल. ६३० आणि २५ केए या दोन आकड्यांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे डोक्यात ठोकून घ्या.

आता त्याच ट्रान्सफॉर्मरची एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजची बाजू बघा. ४३३ व्होल्टला फुल लोड करंट १३३३ ॲम्पिअर. पर्सेंट इम्पीडन्स ५ असेल तर १३३३ भागिले ०.०५, म्हणजे जवळजवळ २६.७ केए. एचटीचा (११ केव्ही बाजूचा) सोर्स एकदम तगडा धरला तर तिथे फॉल्टला एवढा करंट येऊ शकतो. म्हणजे एलटी इनकमरला (ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या मुख्य ब्रेकरच्या जागी) "करंट तर पुरतोय ना" म्हणून २५ केएचा ब्रेकर टाकला तर तो कमी पडला. रोज मस्त चालेल, कुणाला कळणारही नाही, आणि ज्या दिवशी फॉल्ट येईल त्या दिवशी समोर उभा असलेल्या माणसाचं काय होईल ते मला लिहवत नाही. त्यामुळे तिथे ३५ किंवा ५० बघा.

आणि सेकंद विसरू नका. २५ केए १ सेकंद आणि २५ केए ३ सेकंद एक नाही. उष्णता करंटच्या वर्गाने आणि वेळेने वाढते, म्हणून १ सेकंदवालं पॅनेल ३ सेकंदाच्या हिशोबात साधारण १४.४ केएचंच भरतं. शेजारी ६२.५ दिसला तर तो पीक, २५ च्या अडीचपट, फॉल्टच्या पहिल्या झटक्याचा, ज्यात बसबार एकमेकांना ढकलतात. सपोर्ट इन्सुलेटर जवळजवळ का बसवतात ते इथे कळतं. बसबारवाल्या मिस्त्रीला हे विचारा, तो हाताने दाखवेल.

माझं तर ठाम मत आहे की टेस्टिंग बेंचवरचे जुने काका हेच खरे गुरू. त्यांना आकडेमोड येत नसेल पण कुठली टर्म कुठल्या नट-बोल्टवर बसते ते त्यांना माहीत असतं. चहाला त्यांच्यासोबत जा, साहेबांसोबत नको. आणि ते पंधरा दिवसांचे 'स्विचगिअर डिझाइन' कोर्स, पैसे घालवू नका, तिथे शब्द मिळतात, पॅनेलला हात लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इंटरव्ह्यूच्या प्रश्नोत्तरांचं पण तेच.

इंग्रजी कच्चं असेल तर काळजी सोडा, खरंच. शॉपफ्लोअरवर मराठीतच चालतं, सगळे "रॅक इन कर", "मेगर मार", "अर्थ स्विच टाक" असंच बोलतात, आठवड्यात सवय होते. पण एका ठिकाणी अजिबात सूट नाही: करंट चालू असताना सीटीची सेकंडरी उघडी ठेवायची नाही. मीटर काढायचा असेल तर आधी टीबीवर (टर्मिनल ब्लॉकवर) शॉर्टिंग लिंक टाका. उघड्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होतं, "एकच मिनिट" वगैरे नाही.

सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. कंपनीत कुठलाही एसएलडी (सिंगल लाईन डायग्राम) मागून घ्या, ट्रान्सफॉर्मरपासून खाली प्रत्येक ब्रेकरपाशी पेन्सिलने फॉल्ट केए लिहीत जा. आज घरी ५०० केव्हीए, ४३३ व्होल्ट, ४ टक्के इम्पीडन्स घेऊन करून बघा, साधारण १६.७ केए आला पाहिजे. नाही आला तर टक्क्याला शंभराने भागायचं राहिलंय का ते आधी तपासा.