कॅप्सूल नंतर, आधी पोटातल्या बॅक्टेरियाला जेवायला घाला

पोट बिघडलं की आपण आधी प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी अशा जिवंत जंतूंची, कॅप्सूल शोधतो. मी पण तेच केलं होतं, एकाच आठवड्यात कॅप्सूल, दोन वाट्या दही आणि ढीगभर कडधान्यं, सगळं एकदम, आणि मग रात्रभर पोटाचा ढोल. तेव्हापासून एका वेळी एकच नवीन गोष्ट, आठ-दहा दिवस बघायचं, नाहीतर कशाने बरं वाटलं नि कशाने गॅस झाला काही कळत नाही.

बाहेरून आलेले बॅक्टेरिया पाहुणे असतात हो, घेणं थांबवलं की बहुतेक वेळा काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत निघून जातात. मोठ्या आतड्यात कायमचे राहतात त्यांना फायबर लागतं, ते फायबर आंबवून हे बॅक्टेरिया ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि तिथल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. म्हणून डाळी, ओट्स, कांदा, लसूण, सालासकट फळं. मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम फायबर पुरतं, पण आज 10 वर असाल तर उद्याच 30 वर उडी नको, दर आठवड्याला 5 ग्रॅम वाढवा, पाणीपण वाढवा.

दही खायचं तर उकळत्या भाजीत घालू नका, त्यातले बॅक्टेरिया मरतात, चव तेवढी उरते. व्हिनेगरमधल्या भाज्यांचंही तसंच, त्या आंबट असतात पण आंबवलेल्या नसतात.

घरी आंबवायला सगळ्यात सोपा कोबी. 1 किलो बारीक चिरायचा, 20 ग्रॅम मीठ, आणि हे वजन करूनच, अंदाजपंचे नको. दहा मिनिटं हाताने चुरडायचा, इतकं पाणी सुटतं की आपणच चकित होतो. बरणीत दाबून भरा, वर स्वच्छ वजन ठेवा, कोबी पाण्याखालीच राहिला पाहिजे, झाकण सैल. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, आठवड्याभरात आंबट वास आला की फ्रीजमध्ये. वर लोकरीसारखी बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या, जीव तुटला तरी. सुरुवात एका चमच्यापासून, आणि बीपीवाल्यांनी मिठाचं भान ठेवा.

कॅप्सूल कधी? अँटिबायोटिकमुळे जुलाब होऊ नयेत म्हणून काही स्ट्रेन, म्हणजे जंतूंचे ठराविक वाण, कामाला येतात. सॅकरोमायसिस बुलार्डी तर यीस्ट आहे, बॅक्टेरिया मारणाऱ्या गोळीने ती मरत नाही. लेबलवर स्ट्रेनचं पूर्ण नाव बघा, नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलंय म्हणजे काहीच सांगितलं नाही, आणि सीएफयूचा, म्हणजे जिवंत जंतूंच्या संख्येचा, आकडा एक्सपायरीपर्यंतचा आहे की बनवल्या दिवशीचा तेही वाचा.

किमो चालू असेल, इम्युनिटी खूप कमी असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांत जन्मलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, अशांच्या रक्तात हेच जंतू शिरून इन्फेक्शन झालेलं आहे. शौचात रक्त किंवा वजन आपोआप उतरत असेल तर दही-बिही राहू द्या, तपासणी करून घ्या.